निनावी लेन्सची ओळख

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याची लेन्स कॅमेऱ्याशी कायमची बांधलेली नसते. पुढे लाकडी फळी, मागे दुधी काच आणि दोहोंच्या मधे घडीचा भाता, एवढाच हा कॅमेरा. फळीला भोक पाडून तिथे हवी ती लेन्स बसवायची, दुधी काचेवरची उलटी प्रतिमा रेखीव होईपर्यंत भाता पुढेमागे सरकवायचा आणि मग तिथे प्लेट किंवा शीट फिल्म घालायची. या साधेपणामुळे दीडशे वर्षांपूर्वीची पितळी लेन्स आजच्या ४ × ५ इंची फिल्मवरही उत्तम काम देते. पण त्यामुळेच जुनी लेन्स बाजारात येते ती बहुधा एकटी. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये हाफ प्लेट आणि फुल प्लेटचे लाकडी कॅमेरे असत. केरळातल्या आलप्पुळा इथे ‘वागीश्वरी’ नावाचे सागवानी कॅमेरे १९४० च्या दशकापासून बनत. पुढे लाकडाला वाळवी लागली, भाता फाटला, कॅमेरा मोडीत गेला आणि पितळ व काच तेवढी उरली. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी एखादी लेन्स भांड्यांच्या आणि घड्याळांच्या शेजारी पडलेली असते. ती नेमकी कशाची, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ती छायाचित्रणाचीच असेल असेही नाही. मॅजिक लँटर्न, एपिडायस्कोप, एन्लार्जर, छापखान्यातला प्रोसेस कॅमेरा, झेरॉक्स यंत्र, विमानातला टेहळणीचा कॅमेरा या सगळ्यांच्या लेन्स वरकरणी सारख्याच दिसतात: एक नळी आणि दोन्ही टोकांना काच. त्यातली आपली कोणती, हे ठरवण्यासाठी चार पुरावे हाताशी असतात: कोरलेली अक्षरे, काचेतली प्रतिबिंबे, मोजमापे आणि प्रत्यक्ष पडणारी प्रतिमा. नवखा ग्राहक पहिल्या पुराव्यावर सगळा भरवसा टाकतो. चौघांत तोच सर्वांत कच्चा आहे.

अक्षरे कच्ची का, याचे उत्तर इतिहासात आहे. योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने १८४० मध्ये व्हिएन्नात पोर्ट्रेट लेन्सची रचना गणिताने मांडली आणि फॉइग्टलँडर यांनी ती घडवली. तोवरच्या लेन्सचे छिद्र एफ/१५ च्या आसपास असे, या लेन्सचे एफ/३.६ च्या जवळपास होते. म्हणजे प्रकाश दहापटींहून अधिक. माणसाला मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारखे बसवण्याची गरज संपली आणि चेहऱ्याचे छायाचित्र हा धंदा बनला. या रचनेला ऑस्ट्रियाबाहेर पेटंटचे संरक्षण नव्हते. फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका सगळीकडे तिच्या नकला निघाल्या. काहींवर कारागिराचे नाव आले, काहींवर विकणाऱ्या दुकानाचे आले, काहींवर काहीच आले नाही. पॅरिसच्या दार्लो यांच्या लेन्स अमेरिकेत विक्रेत्याच्या नावाची अक्षरे लेवून विकल्या गेल्या. तेव्हा नळीवर दुकानाचे नाव दिसले तर त्यावरून ती कुठे विकली गेली एवढेच कळते. निनावी पितळी लेन्समध्ये पेट्झवाल जातीच्या लेन्स इतक्या भेटतात त्याचेही कारण हेच.

तरीही अक्षरे वाचायला शिकले पाहिजे, कारण नाव खोटे असले तरी लिहिण्याची रीत काळ आणि देश सांगून जाते. ब्रिटिश लेन्सवर मापे इंचांत असतात. जुन्या जर्मन लेन्सवर ती सेंटिमीटरमध्ये आणि नंतरच्यांवर मिलिमीटरमध्ये येतात. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम हीदेखील जर्मन खूण. ‘डी.आर.पी.’ ही अक्षरे जर्मन साम्राज्याच्या पेटंटची आहेत. फॉइग्टलँडरच्या लेन्सवर व्हिएन्नाचे नाव आहे की ब्राउनश्वाइगचे, हेही पाहावे, कारण या घराण्याने ब्राउनश्वाइगला कारखाना काढला तो १८४९ मध्ये. ब्रिटिश लेन्सवर ‘८½ × ६½’ असे आकडे असले की अनेक जण ते नाभीय अंतर समजतात. तो प्लेटचा आकार असतो: एवढी फुल प्लेट ही लेन्स व्यापेल, असे बनवणाऱ्याचे आश्वासन.

छिद्राच्या आकड्यांतही अशीच फसगत होते. ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीची रांग दिसली तर ती आजची एफ मालिका नसते. ती ‘युनिफॉर्म सिस्टिम’ नावाची जुनी पद्धत. तिच्यातला ४ म्हणजे आजचा एफ/८ आणि ६४ म्हणजे एफ/३२; फक्त १६ दोन्हींकडे सारखा. ६.३, ९, १२.५, १८, २५, ३६ अशी रांग युरोपातल्या जुन्या लेन्सवर येते. आकडे मुळीच नसतील आणि नळीच्या वरच्या बाजूला नुसती आडवी खाच असेल, तर तिथे भोक पाडलेल्या पितळी पट्ट्या घालत असत. जॉन वॉटरहाउस यांनी ही युक्ती १८५८ मध्ये सुचवली, म्हणून या पट्ट्यांना वॉटरहाउस स्टॉप म्हणतात. पट्ट्या बहुधा हरवलेल्या असतात. जाड काळ्या पुठ्ठ्याच्या नव्या कापून घेता येतात.

अनुक्रमांक हा अक्षरांतला सर्वांत भरवशाचा भाग. मोठ्या कारखान्यांच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत आणि त्यांवरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. कोडॅकच्या एक्टार लेन्सवर तर वर्ष सांकेतिक अक्षरांत लिहिलेले असते. ‘कॅमेरॉसिटी’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दहा अक्षरे आहेत. सी म्हणजे १, ए म्हणजे २, एम म्हणजे ३ असे मोजत शेवटचा वाय म्हणजे ०. क्रमांकाआधी ‘ई’ आणि ‘ओ’ ही अक्षरे असतील तर ४ आणि ६, म्हणजे १९४६.

आता काचेकडे. लेन्स एका भिंगाची क्वचितच असते. तिच्यात अनेक भिंगे असतात, काही एकमेकांना चिकटवलेली आणि काही मधे हवा ठेवून बसवलेली. हवा आणि काच जिथे भेटतात तिथे लेप नसलेल्या काचेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हे परतलेले प्रतिबिंब ठसठशीत दिसते. चिकटवलेल्या दोन भिंगांच्या सांध्यात मात्र कॅनडा बाल्सम नावाचा राळेसारखा पदार्थ असतो. त्याचा वक्रीभवनांक काचेच्या जवळपास असल्यामुळे तिथून परतणारे प्रतिबिंब अगदी फिकट असते. तेव्हा ठसठशीत आणि फिकट प्रतिबिंबे मोजली की लेन्स न उघडता तिच्या आतली रचना कळते. ओळख पटवण्याच्या साऱ्या युक्त्यांत हिच्याइतकी स्वस्त आणि हिच्याइतकी खरी दुसरी नाही.

कृती सोपी आहे. लेन्सचे पुढचे आणि मागचे गट आटे फिरवून वेगळे करावेत, एकेक गट काळ्या कापडावर धरावा आणि एकाच दिव्याचा प्रकाश त्यावर तिरका पाडावा. गट हलवला की प्रतिबिंबेही हलतात. दिव्याच्या बाजूने पाहता फुगीर असलेल्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब सुलटे असते, खोलगट पृष्ठभागावरचे बहुधा उलटे, आणि ती परस्परविरुद्ध दिशांना सरकतात. त्यामुळे एकमेकांवर आलेली प्रतिबिंबेही सुटी करता येतात. फिकट प्रतिबिंब शोधायला खोलीत अंधार हवा आणि थोडा धीर हवा.

मोजणीचा अर्थ असा लागतो. दोन्ही गटांत प्रत्येकी दोन ठसठशीत आणि एक फिकट प्रतिबिंब असेल तर दोन्हीकडे दोन-दोन भिंगांची चिकटलेली जोडी आहे. ही रॅपिड रेक्टिलिनिअर. इंग्लंडात डॅलमायर आणि जर्मनीत स्टाइनहाइल यांनी १८६६ मध्ये, एकाच वर्षी, ही रचना आणली, आणि पुढची काही दशके एफ/८ ची ही लेन्स जगभरच्या लाकडी कॅमेऱ्यांवर राहिली. फिकट प्रतिबिंबे प्रत्येकी दोन निघाली तर जोडीऐवजी तीन भिंगे चिकटलेली आहेत आणि हातात ग्योर्त्स कंपनीची डागोर किंवा तिची नक्कल आहे. एमिल फोन ह्योघ यांची ही रचना १८९२ ची. बाहेरून रेक्टिलिनिअर आणि डागोर यांच्यात फरक दिसत नाही, किमतीत मात्र बराच असतो. तो फरक एका फिकट ठिपक्याने कळतो.

पुढच्या गटात दोन ठसठशीत आणि एक फिकट, पण मागच्या गटात चार ठसठशीत, असे दिसले तर ती पेट्झवाल. मागच्या गटातली दोन भिंगे मधे कडे घालून सुटी बसवलेली असतात. साफसफाईसाठी ती काढणाऱ्यांनी कित्येकदा उलटसुलट लावून ठेवलेली असतात, आणि मग जगातली उत्तम पोर्ट्रेट लेन्सही मधोमध धुरकट प्रतिमा देते. अशी भिंगे हाती आल्यास त्यांच्या कडा पाहाव्यात. जुन्या कारागिरांनी तिथे पेन्सिलीने क्रमांक किंवा सही टिपून ठेवलेली पुष्कळदा सापडते. नळीवरचे नाव पुसता येते, पण भिंगाच्या कडेवरची ही अक्षरे सहसा कोणाच्या नजरेला पडत नाहीत म्हणून टिकतात.

पुढे चार ठसठशीत आणि मागे दोन ठसठशीत व एक फिकट असेल तर ती टेसर जातीची. झाइसच्या कारखान्यात पाउल रुडोल्फ यांनी १९०२ मध्ये ही चार भिंगांची रचना आणली. पेटंटची मुदत संपल्यावर ती सर्वांनी उचलली. श्नायडरची झेनार हे तिचेच रूप. सहा ठसठशीत आणि फिकट एकही नाही, अशी लेन्स ट्रिप्लेट, मूळची १८९३ ची कुक ट्रिप्लेट. दोन्हीकडे चार-चार ठसठशीत असतील तर ती डायलाइट. छापखान्याच्या बहुतेक लेन्स या रचनेच्या. तिच्यात हवेला भिडणारे पृष्ठभाग आठ, त्यामुळे लेप नसेल तर पाव भागाहून जास्त प्रकाश वाटेतच हरवतो. दोन्हीकडे चार ठसठशीत आणि एक फिकट ही प्लाझमटची खूण. श्नायडरच्या जुन्या सिमार लेन्स या कुळातल्या, आणि त्यांच्यावर नाभीय अंतराचे दोन आकडे असतात. १५० मिमीच्या सिमारचा पुढचा गट काढला की मागचा एकटा गट २६५ मिमीची लेन्स म्हणून वापरता येतो, तेव्हा छिद्र एफ/१२.

प्रतिबिंबांचा रंग काळ सांगतो. लेप नसलेल्या काचेची प्रतिबिंबे दिव्याइतकीच पांढरी असतात. निळसर-जांभळा रंग असेल तर एकपदरी लेप. हा लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो सर्रास आला. हिरवी, किरमिजी अशी मिसळ बहुपदरी लेपाची, म्हणजे त्यानंतरच्या काळातली. एक अपवाद लक्षात ठेवावा. फार जुनी काच हवेने गंजते आणि तिच्यावर निळसर झाक येते. अशी काच उलट जास्त प्रकाश आत सोडते, हे कुक ट्रिप्लेटचे जनक डेनिस टेलर यांच्या १९व्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले होते. ही झाक एकसारखी नसते. लेप एकसारखा असतो.

रचना कळली की मोजमाप. नाभीय अंतर काढण्याची खात्रीची रीत कॅमेऱ्यावरच करता येते. आधी दूरचा डोंगर किंवा मनोरा दुधी काचेवर स्पष्ट करावा आणि काचेची जागा खडूने टिपावी. मग समोर मापपट्टी ठेवून तिची प्रतिमा बरोबर मूळ आकाराची होईपर्यंत भाता लांबवावा आणि ती जागाही टिपावी. दोन खुणांमधले अंतर म्हणजेच नाभीय अंतर. नळी किती लांब, भिंगे आत कुठे बसवली आहेत, याचा या रीतीवर परिणाम होत नाही, म्हणून ती नळीच्या मध्यापासून मोजण्यापेक्षा पुष्कळ चांगली.

छिद्राचा आकडा काढायचा तर नळीतले भोक मोजून चालत नाही. समोरून, हातभर मागे होऊन, पुढच्या भिंगातून ते जेवढे मोठे दिसते तेवढा व्यास धरायचा. समजा, खुणांमधले अंतर २१० मिमी आणि दिसणारा व्यास ४७ मिमी आला. भागाकार ४.५ च्या आसपास येतो. प्रतिबिंबे आधीच टेसर म्हणत असतील तर ही २१ सेंटिमीटरची एफ/४.५ टेसर जातीची लेन्स, आणि नळीवर एकही अक्षर नसले तरी एवढे छातीठोकपणे सांगता येते. लेन्सची प्रतिमा वर्तुळाकार पडते आणि त्या वर्तुळाचा व्यास प्लेटच्या कर्णाहून मोठा हवा. ४ × ५ साठी सुमारे १५४ मिमी, हाफ प्लेटला २०४, फुल प्लेटला २७२ आणि ८ × १० साठी सुमारे ३२५ मिमी. साठ अंशांचा पसारा असलेल्या लेन्सचे वर्तुळ नाभीय अंतराच्या १.१५ पट असते, म्हणून वरची लेन्स २४० मिमीचे वर्तुळ देऊन हाफ प्लेट सहज व्यापेल.

काही लेन्स मात्र या गणितात बसत नाहीत, आणि खऱ्या अर्थाने विरळा म्हणाव्यात त्या याच. रोडेनस्टॉकची इमागॉन हे त्यातले लक्षणीय उदाहरण. हाइनरिश क्यून या छायाचित्रकाराच्या कल्पनेतून ती १९३१ मध्ये आली. तिच्या नळीत पुढच्या बाजूला भिंगच नाही. मागे एक चिकटलेली जोडी तेवढी. त्यामुळे पुढची काच हरवलेली मोडकी लेन्स समजून ती कवडीमोलाने विकली जाते. तिच्यावर छिद्राचा आकडा एफऐवजी ‘एच’ अक्षराने लिहितात, जसे ‘एच ५.८’. सोबत चाळणीसारख्या चकत्या असतात: मधे मोठे भोक, भोवती लहान भोकांचे कडे. मधल्या भोकातून रेखीव प्रतिमा येते, कडेच्या भोकांतून तिच्यावर मऊ उजेडाची साय चढते, आणि चकतीचे कडे फिरवून ही साय कमीजास्त करता येते. चकत्या हरवल्या तर लेन्स निम्मी गेली. म्हणून अशी नळी दिसल्यास आसपासच्या डब्यांतही शोधावे.

ग्योर्त्सची हायपरगॉन ही १९०० ची लेन्स पाहताच ओळखू येते. जवळजवळ अर्धगोल अशी दोन पातळ भिंगे समोरासमोर, जणू काचेची गोटी. प्रतिबिंबे प्रत्येकी दोनच, फिकट एकही नाही. पसारा सुमारे १३५ अंश; ७५ मिमीची हायपरगॉन ८ × १० ची प्लेट व्यापते. एवढ्या पसाऱ्यात कडा काळवंडतात, म्हणून समोर ताऱ्याच्या आकाराची छोटी चकती असते. रबरी फुग्याने हवा फुंकली की ती गरगर फिरते आणि मधला प्रकाश अडवते.

कोडॅकची एरो-एक्टार विमानांसाठी बनली: ७ इंच, एफ/२.५, हाताला जड आणि चहासारखी पिवळट. तिच्या काचेत थोरियम असते. त्याच्या किरणोत्सारानेच काच कालांतराने पिवळी पडते, आणि अतिनील प्रकाशात ठेवल्यास पुष्कळशी निवळते. गायगर यंत्र तिच्यापाशी धरले तर टिकटिक करते. उशाशी ठेवण्याची ही वस्तू नव्हे. ब्रिटिश हवाई दलाच्या लेन्सवर मुकुट, ‘ए.एम.’ ही अक्षरे आणि ‘१४ए’ने सुरू होणारा साठा क्रमांक असतो, डॅलमायरची ८ इंची एफ/२.९ पेंटॅक अशी सापडते.

छापखान्याच्या लेन्स आपल्याकडे मिळण्याचा संभव बराच. ब्लॉक आणि ऑफसेटच्या निगेटिव्ह करण्यासाठी प्रोसेस कॅमेरे होते. संगणकाने ते काम घेतल्यावर ते भंगारात गेले. ‘अपो’ हे उपपद, एफ/९ किंवा एफ/१० असे लहान छिद्र, ३०० मिमीच्या पुढचे नाभीय अंतर, शटर नाही आणि नळीत खाच, ही त्यांची लक्षणे. मूळ आकाराच्या नकलेसाठी त्या घडवल्या असल्या तरी एफ/२२ पर्यंत छिद्र लहान केले की दूरच्या देखाव्यालाही त्या चोख चालतात. या लेन्सची लोक उपेक्षा करतात, ती अनाठायी आहे. याउलट छिद्र बदलण्याची काहीच सोय नाही, खाचही नाही, पण फोकससाठी दातेरी पट्टी आणि चक्री आहे, अशी नळी बहुतेक वेळा मॅजिक लँटर्नची. तीही पेट्झवालच असते, फक्त सदैव पूर्ण उघडी.

लेन्स शटरमध्ये बसवलेली असेल तर शटरवरून निष्कर्ष काढताना जपावे. वरच्या लहान तबकडीने वेग ठरवायचे कॉम्पुर शटर १९१२ पासूनचे, कोपाल त्याहून पुष्कळ नंतरचे. पण शटर बिघडले की लोक दुसरे बसवत, आणि भिंगांचे गट नव्या घरात जात. दोन्ही गटांवर क्रमांक असतील तर ते जुळतात का पाहावे. न जुळणारे गट एकत्र आले की नाभीय अंतर कोरलेल्या आकड्याशी पटत नाही.

खराबीही ओळखीत घोटाळा करते. बाल्सम सुटला की सांध्यात हवा शिरते, फिकट प्रतिबिंब ठसठशीत होते आणि मोजणी चुकते. इंद्रधनुषी कडी दिसली तर हेच झाले असे समजावे. श्नायडरच्या भिंगांच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात, ती आतल्या काळ्या रंगाची पडझड असते. त्याने प्रतिमा बिघडत नाही. आपल्या पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे वेळीच पुसले तर निघतात, पण काच खाल्ली गेली की व्रण कायमचा.

शेवटची परीक्षा दुधी काचेवर. पूर्ण उघड्या छिद्राने झाडाची पालवी पाहावी. मधे धारदार आणि कडेला पाने भोवऱ्यासारखी फिरलेली दिसली तर पेट्झवाल. सगळीकडे रेखीव पण प्रत्येक उजळ ठिपक्याभोवती प्रभा असेल तर मऊ प्रतिमेची पोर्ट्रेट लेन्स. मग छिद्र लहान करत जावे आणि उजेडाचे वर्तुळ वाढते का ते पाहावे. डागोरचे स्पष्ट वाढते, पेट्झवालचे फारसे वाढत नाही, कारण तिथे नळीच कडा कापते.

लेन्स फळीला धरून ठेवणारे पितळी कडे बहुधा हरवलेले असते. त्यासाठी आट्यांचा व्यास कॅलिपरने आणि इंचातली त्यांची संख्या आट्यांच्या गेजने मोजावी. जुन्या ब्रिटिश लेन्सवर इंचाला २४ आटे पुष्कळदा मिळतात. युरोपातल्या लेन्सवर ते मिलिमीटरच्या मापाचे असू शकतात. मोजमाप आणि लेन्स दोन्ही घेऊन गेल्यास चांगला लेथवाला ॲल्युमिनियमचे कडे कातून देतो, आणि लेन्स पुन्हा फळीवर चढते.